रंभाबाईंची एकतीस लेकरं

मी जन्मभर कारकुनी केली. माणसं ओळखतो असा माझा दावा नाही. मी कागद ओळखतो. कुठल्या कागदाखाली कुठला कागद दडवलाय, कोणती सही साहेबानं न वाचताच ठोकली आहे, हे मला लांबूनच दिसतं. रंभाबाई धकाते यांची ओळखही मला कागदावरूनच झाली. त्या ओळखीत माझी काही शोभा झाली नाही, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे माझ्याकडून कोणी अपेक्षा ठेवायला नको.

साल एकोणीसशे अडतीस. प्रांतात नवा नियम निघाला, की बाळंतपणाचं काम करणाऱ्या प्रत्येक नर्सबाईकडे त्या कामाचं वेगळं प्रमाणपत्र असलं पाहिजे. तोवर नागपुरात मुलं जन्मत नव्हती असं नाही. महाल भागात जन्मत होती, इतवारीत तर घराघरात जन्मत होती. पण ती सगळी बिनप्रमाणपत्राच्या हातांनी. सरकारला हे कळल्यावर सरकारची झोप उडाली आणि एक मंडळ नेमलं गेलं. मंडळाला सिव्हिल लाइन्समध्ये दोन खोल्या, एक पंखा, तीन खुर्च्या आणि मी, एवढं मिळालं.

तीन खुर्च्यांवर तीन पुरुष. मधल्या खुर्चीवर अध्यक्ष, म्हणजे मोठे साहेब. माणूस गोरा, दयाळू आणि निवृत्तीला आलेला. डावीकडे रावबहादूर गोपाळराव. त्यांना सात मुलं होती आणि सातही वेळा त्यांनी अंगणात येरझारा घातल्या होत्या; प्रसूतिशास्त्राचा त्यांचा अनुभव तेवढा. उजवीकडे चिटणीस, डॉक्टर कृष्णकांत देवराव हरकरे. हे विलायतेहून शिकून आलेले. कडक कॉलर, चष्म्याला सोनेरी दांडी, आणि मराठी बोलताना चेहऱ्यावर पायात काटा रुतल्याचा भाव. 'खुळ्या समजुती आणि बालमृत्यू' या विषयावर त्यांचं एक व्याख्यान मोठ्या सभागृहात नुकतंच झालं होतं. टाळ्या मीही वाजवल्या होत्या. वाजवणं भाग होतं.

नियमात एक सवलत होती. ज्या बाईची वीस वर्षं नोकरी झाली असेल तिनं लेखी परीक्षा देऊ नये. आपण केलेल्या बाळंतपणांची वही मंडळापुढे ठेवावी, ती तपासून प्रमाणपत्र मिळेल. झालं. पंधरा दिवसांत वह्यांचा ढीग पडला. सीताबर्डीवर एक कंपाउंडर अशा वह्या तयार करून देत असे, हे सगळ्या शहराला ठाऊक होतं, फक्त मंडळाला नव्हतं. अठरा वह्यांमध्ये एकच अक्षर, एकच शाई, आणि प्रत्येक मूल सकाळी दहा वाजता जन्मलेलं. कचेरीची वेळही दहाचीच, त्यामुळे मंडळाला ते फार शिस्तीचं वाटलं. अठराही बाया पास झाल्या.

एकोणिसावी वही रंभाबाईंची.

रंभाबाई मूळच्या उमरेडच्या, विणकरांच्या घरातल्या. सोळाव्या वर्षी कपाळ पांढरं झालं आणि नागपुरात येऊन त्या मिशनच्या एका डॉक्टर मडमेच्या हाताखाली राहिल्या. मडमेनं त्यांना हात धुवायला शिकवलं, नाळ कापायला शिकवलं आणि लिहायला शिकवलं. वर एक वाईट सवय लावली: जे झालं ते लिहायचं, जे झालं नाही ते लिहायचं नाही. पुढे मडम मायदेशी गेली आणि रंभाबाई शहरातल्या एका सरकारी प्रसूतिगृहात लागल्या. चाळीस वर्षं झाली, सवय काही सुटली नाही. त्यांची वही म्हणजे एकाला एक शिवलेल्या नऊ वह्या. मूल रात्री दोनला झालं तर तिथं दोनच लिहिलेले. मूल दगावलं तर 'दगावलं' लिहिलेलं, आणि 'माझ्या हातून उशीर झाला' असंसुद्धा एका ठिकाणी लिहिलेलं. मी अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत असा कागद दुसरा पाहिला नाही. असा कागद घेऊन सरकारात जाणाऱ्या माणसाचं भलं होणार नाही, हे मला तेव्हाच दिसलं.

या वहीत एकतीस ठिकाणी शेऱ्याच्या रकान्यात एकच मजकूर होता: 'आधीची गेली. विकत घेतला. एक कवडी. बाराव्या दिवशी मायले सांभाळाले देल्ला.' मुलगी असेल तर 'घेतली', 'देल्ली'.

आपल्याकडे हे कोणाला सांगायला नको. ज्या बाईची मुलं जगत नाहीत, तिचं मूल जन्मताच सुईण एक कवडी टाकून विकत घेते. मूल सुईणीचं झालं. आई आपली ते परक्याचं म्हणून सांभाळते. असल्या मुलांची नावं कवडू, कवडाबाई. आमच्या भागात असे कवडू गल्लोगल्ली मिळतील आणि त्यांतले बरेचसे धडधाकट आहेत. मी हे लहानपणापासून पाहत आलो. पण वहीचं इंग्रजी करून साहेबांपुढे ठेवण्याचं काम माझं, आणि डॉक्टर हरकऱ्यांचा हुकूम पहिल्याच दिवशी झाला होता: "दत्तोपंत, शब्दाला शब्द. आपली अक्कल मध्ये घालू नका."

मी घातली नाही. 'विकत घेतला' याला इंग्रजीत 'परचेस्ड' म्हणतात, ते मी एकतीस वेळा लिहिलं. खाली समजुतीचं एक वाक्य टाकलं असतं तर चाललं असतं का? चाललं असतं. पण मग ती माझी अक्कल झाली असती.

यादी घेऊन मी डॉक्टर हरकऱ्यांकडे गेलो. ते भराभर वाचत होते, नवव्या नोंदीवर थांबले. नववी नोंद सन एकोणीसशेची: 'महाल. देवरावजी हरकरे यांची मंडळी, जिजाबाई. मुलगा. आधीची तीन गेली.' आणि पुढे तोच शेरा.

मला ते नवीन नव्हतं. एकदा फाईल घेऊन त्यांच्या घरी गेलो होतो, तेव्हा आतून म्हाताऱ्या जिजाबाईंनी हाक मारली होती, "कवडू, चहा थंडा होऊन राहिला ना!" आणि विलायती डॉक्टर कानाच्या पाळीपर्यंत लाल झाले होते.

"नववी नोंद अस्पष्ट आहे," डॉक्टर म्हणाले.

"साहेब, अक्षर मोत्यासारखं आहे."

"अस्पष्ट आहे, दत्तोपंत."

मी यादी पुन्हा केली. तीस नोंदींची.

मोठ्या साहेबांनी ती वाचली आणि त्यांच्या हातातला पाइप विझला. चाळीस वर्षांत तीस मुलं विकत घेतलेली बाई सरकारी पगारावर आहे! रावबहादूर गोपाळरावांनी डोळे न उघडता पोलिसांचं नाव काढलं. डॉक्टर हरकरे खिडकीबाहेरच्या लिंबाकडे पाहत होते. एक वाक्य बोलले असते तर प्रकरण तिथंच मिटलं असतं. पण ज्या समजुतीवर आपण भाषण ठोकलं, तिची इतकी घरगुती माहिती आपल्याला कशी, हा प्रश्न त्यांना घाबरवत असावा. रंभाबाईंना बोलावणं गेलं.

रंभाबाई आल्या त्या थेट वॉर्डातून. ठेंगणी, सावळी बाई, पांढरं लुगडं, कोपरापर्यंत धुतलेले हात. खुर्ची दिली तर बसल्या नाहीत. साहेबांचे प्रश्न मी मराठीत सांगायचे आणि त्यांची उत्तरं इंग्रजीत.

"तुम्ही तीस मुलं विकत घेतलीत हे खरं?"

"तीस नाही," रंभाबाई म्हणाल्या, "एकतीस. एक तुमच्या कागदात सुटला."

आरोपीनंच आरोप वाढवून घेतलेला साहेबांनी आयुष्यात प्रथमच पाहिला असावा. त्यांनी विचारलं, कोणता सुटला?

"ज्याचं त्याले माहीत," त्या म्हणाल्या. "मी नाव कशाले सांगू? पन लिहून घ्या. गनतीतून काढू नका त्याले, चांगलं नसते."

डॉक्टर हरकऱ्यांनी पाण्याचा पेला उचलला आणि परत ठेवला.

"ही मुलं आता कोणाची आहेत?"

"माह्यी."

"मग ती आहेत कुठे?"

"आपापल्या घरी. माया सांभाळून राहिल्या ना त्यायले. तीन गेले, बाकीचे सारे जित्ते हायत. एक वकील हाय, एक गिरणीत हाय, एकीले नातवंड झालं."

"पण विकत घेण्याचं कारण काय?"

"साहेब, त्या बायांचे आधीचे लेकरं कोनीतरी नेले ना. मंग त्याले वाटलं पायजे का हे लेकरू तिचं नोहेच. मंग तो येत नाही."

मी शब्दाला शब्द भाषांतर केलं. साहेबांनी गंभीरपणे त्या 'कोणीतरी'चं नाव आणि पत्ता विचारला. रावबहादुरांनी एक डोळा उघडून पुन्हा मिटला. रंभाबाई माझ्याकडे पाहत राहिल्या; वेड कोणाला लागलंय, साहेबाला की मला, हे त्यांना ठरवता येत नव्हतं.

साहेब दयाळू होते, हे मी म्हटलंच. तासाभराच्या प्रश्नांनंतर त्यांना अंधुक उजाडलं, की हा व्यापार नसून रिवाज आहे. पण तोवर 'परचेस्ड' हा शब्द सरकारी फायलीत गेला होता. फायलीत गेलेला शब्द काढता येत नाही; फार तर त्याच्यावर दुसरा कागद ठेवता येतो. तेव्हा असं ठरलं, की रंभाबाईंनी एका निवेदनावर सही करावी: 'मी कधीही कोणतेही मूल विकत घेतलेले नाही. वहीतील सदर नोंदी खोट्या आहेत.' सही झाली की त्याच बैठकीत प्रमाणपत्र. म्हणजे चाळीस वर्षं खरं लिहिणाऱ्या बाईनं एकदा खोटं लिहून दिलं की ती विश्वासाला पात्र. मसुदा डॉक्टर हरकऱ्यांनी स्वतः केला. भाषा सुंदर होती.

मी तो वाचून दाखवला. रंभाबाईंनी दोन्ही हात मागे घेतले.

"हे मले नाही जमत."

"का?"

"त्यायच्या मायायनं मले शपथ घातली हाय. कोनी विचारो, राजानं विचारलं तरी म्हनजो, रंभा, हो, मीच घेतलं. तो एक शब्द हाय मधात म्हून ते जगून राहिले. आता मीच कागदावर लिहून देऊ का माह्ये नाहीत म्हून? मंग त्यायचं कसं?"

साहेबांनी शनिवारपर्यंत मुदत दिली. पहिल्या तारखेपासून प्रमाणपत्र नसलेल्या बाईनं बाळंतिणीला हात लावला तर तो गुन्हा, हेही मला समजावून सांगायला लावलं. वॉर्ड जाणार, वॉर्डामागची राहायची खोली जाणार.

"वार्ड गेला त गेला, घरी बोलावतीन लोक," त्या म्हणाल्या.

"घरीही गुन्हाच," मी म्हणालो.

"मंग या हातायचं मी काय करू?" रंभाबाईंनी विचारलं. हा प्रश्न मी साहेबांना इंग्रजीत सांगितला नाही. त्या वेळी मात्र मी माझी अक्कल वापरली.

ते चार दिवस डॉक्टर हरकरे कचेरीत फार चिडचिडे होते. एकदा मला म्हणाले, "दत्तोपंत, ती बाई सही करेल असं वाटतं?" मी म्हणालो, करेल, पोटापुढे कोण काय करणार. हे ऐकून त्यांना बरं वाटायला हवं होतं. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले आणि मला उगाच जुन्या फायली लावायला सांगितलं.

शनिवारी रंभाबाई आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "आना तो कागद."

साहेबांचा चेहरा फुलला. त्यांनी आपल्या हातानं खुर्ची पुढे केली आणि या वेळी रंभाबाई बसल्या. मी कागद ठेवला, दौत सरकवली, टाक दिला. त्यांनी मजकूर पुन्हा एकदा वाचला, बोट ठेवून, सावकाश. टाक शाईत बुडवला. निब कागदाला लागली आणि 'रं'ची पहिली रेघ उमटली.

त्याबरोबर एक खुर्ची उलटी पडली.

"नको वं, रंभामाय! थांब! नको करू सही!"

हा आवाज कोणाचा ते कळायला आम्हा सगळ्यांना थोडा वेळ लागला. डॉक्टर हरकऱ्यांनी असं मराठी कचेरीत कधी काढलं नव्हतं. त्यांनी टेबलावरून झेप घेतल्यासारखा हात टाकला आणि कागद खेचला. दौत लवंडली, साहेबांच्या पांढऱ्या विजारीवर शाई गेली, आणि खुळ्या समजुतींचे वैरी तो कागद छातीशी धरून घामाघूम उभे राहिले.

साहेबांनी अर्थातच विचारलं, की हे काय?

"सर," डॉक्टर म्हणाले, "एकतिसावा मी आहे."

"तुम्हाला विकलं होतं?"

"हो, सर."

"आणि या बाईनं विकत घेतलं होतं?"

"हो, सर. एका कवडीला."

साहेबांनी आपल्या चिटणिसाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, की भाव रास्त होता. हे त्यांनी कोणत्या अर्थानं म्हटलं ते मी अजून ठरवू शकलो नाही.

"सर, हिनं सही केली आणि मला काही झालं तर?" एवढं बोलून डॉक्टरांचा आवाज फुटला. एडिंबरोची पदवी, व्याख्यान, चष्म्याची सोनेरी दांडी, सगळं जिथल्या तिथं होतं, आणि मध्ये महालातल्या जिजाबाईंचा चौथा मुलगा उभा होता, ज्याच्या आधीची तीन गेली होती. मला हसू आलं आणि लगेच लाजही वाटली.

तेवढ्यात डावीकडून आवाज आला. रावबहादूर गोपाळराव पूर्ण जागे झाले होते. "मले घरी उकंड्या म्हनत," ते म्हणाले. "जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवला होता मले मायनं, दहा मिनिटं. आमच्या इकडे असतेच ते. या बाईचं काही चुकलं नाही." इतके दिवस हे सांगायला त्यांना कोणी मनाई केली नव्हती. पण कोणी आधी बोलल्याशिवाय आपण बोलू नये, अशी त्यांची सभ्यता.

मग सगळं पाच मिनिटांत झालं. निवेदन रद्द. फायलीत 'परचेस्ड' या शब्दापुढे 'देशाच्या रिवाजाप्रमाणे' असं लिहावं असा ठराव झाला. म्हणजे मी पहिल्या दिवशी जे वाक्य लिहिलं नाही तेच. फक्त आता त्याखाली तीन सह्या. सुटलेली नोंद यादीत घेतली आणि प्रमाणपत्र मंजूर झालं.

सोमवारी ते घेऊन मी स्वतः प्रसूतिगृहात गेलो. शिपायाकडून पाठवता आलं असतं, पण मला त्या बाईचं कौतुक करायचं होतं. गेले दोन दिवस मी घरी, शेजारी, सीताबर्डीच्या हॉटेलात सगळ्यांना सांगत होतो, की विणकराच्या घरच्या बाईनं विलायती डॉक्टरला कसा चीत केला. टाक उचलला काय, पहिली रेघ सावकाश ओढली काय, आणि गडी बरोबर ओरडला!

रंभाबाई वॉर्डाच्या पडवीत हात धूत होत्या. मी प्रमाणपत्र पुढे केलं आणि म्हणालो, "रंभाबाई, चाल मात्र जबरी खेळलात!"

"कोनती चाल?"

"तीच. सहीची. तो ओरडणार हे तुम्ही ताडलं होतं ना?"

त्यांनी पाणी बंद केलं. हात पुसले. माझ्याकडे पाहिलं, पण रागानं नाही.

"चाल कायची, बाबू? मी खरंच सही करून राहिली होती. चार दिवस घरी बसून पायलं मी. हे काम सोडून मले काही येत नाही, अन् वार्ड सोडवला नाही माह्याच्यानं. म्हटलं, जाऊ दे, होईन त्यायचं जे होईन ते. एकतीस बायायचा शब्द मी त्या दिवशी मोडला होता. त्या पोरानं कागद ओढला म्हून राहिला. पन माह्या मनात त मोडलाच ना?"

मी प्रमाणपत्र पुन्हा पुढे केलं.

"तो पोरगा भेला होता, त्याचं समजते मले," त्या म्हणाल्या. "पन तुमाले त काही भेव नव्हतं. तुमी वही वाचली, तुमाले सारं समजत होतं, साहेबाची बोलीही येते तुमाले. तुमी काहून नाही बोलले?"

मी म्हणालो, मला हुकूम होता, शब्दाला शब्द.

त्यांनी मान हलवली. आतून कोणीतरी कळ येऊन ओरडलं, तशा त्या वळल्या आणि पडद्याआड गेल्या. प्रमाणपत्र माझ्याच हातात राहिलं. मी ते पडवीतल्या स्टुलावर ठेवलं, उडून जाऊ नये म्हणून वर साबणाची वडी ठेवली, आणि कचेरीत परत आलो.